बीजसुप्तावस्था आणि मागील पिकाची आपोआप उगवणारी रोपे : खान्देशातील भात व भुईमूग यांच्या संदर्भात

प्रस्तावना

पीक निघाले, शेत मोकळे झाले, तरी त्या पिकाचा काही अंश शेतात राहतोच. कापणीच्या वेळी लोंबीतून झडलेले दाणे, पेंढ्या बांधताना व वाहताना सांडलेले दाणे, भुईमुगाच्या बाबतीत आरी तुटून जमिनीतच राहिलेल्या शेंगा, हा सारा या अंशाचाच भाग होय. त्यातील काही माणसे सरव्यात वेचतात. काही पाखरे, उंदीर व मुंग्या नेतात. जे उरते ते पुढील हंगामात, कोणी न पेरता, नव्या पिकात उगवून येते. कपाशीत उगवलेला भुईमूग डोळ्यांना लगेच दिसतो व खुरपणीत निघूनही जातो. परंतु भातातच मागील वर्षीच्या दुसऱ्या वाणाचे भात उगवले, तर ते लोंबी येईपर्यंत ओळखू येत नाही. तण आणि पीक एकाच जातीचे असल्याने निवडक तणनाशकही तेथे निरुपयोगी ठरते.

अशा रोपांचा बंदोबस्त खुरपे आणि तणनाशक या दोनच साधनांनी करावा लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि या प्रश्नाचे मूळ रोपात नसून बियांत आहे. जमिनीवर पडलेला दाणा त्या क्षणी निद्रिस्त आहे की जागा, तो कोणत्या परिस्थितीत जागा होतो आणि कोणत्या परिस्थितीत पुन्हा झोपी जातो, हे कळल्यास त्याला आपल्या सोयीच्या वेळी उगवण्यास भाग पाडता येते आणि उगवताच नष्टही करता येते. प्रस्तुत लेखात या विचाराची मांडणी खान्देशातील दोन पिकांच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे.

खान्देश म्हटले की कापूस, केळी व ज्वारी ही पिके आठवतात. भात आठवत नाही, आणि जळगाव जिल्ह्यापुरते ते योग्यही आहे. परंतु पश्चिमेकडे सह्याद्रीच्या रांगा जवळ येतात तसे चित्र बदलते. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याचा पिंपळनेरकडील पट्टा आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर व अक्कलकुवा हे तालुके भात पिकवतात. नवापूर परिसरात वर्षाला एक हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. भुईमूग मात्र तापीच्या खोऱ्यात सर्वत्र परिचित असून त्याच्या एका जगप्रसिद्ध वाणाचा उगम जळगावातच आहे. त्याचा विचार पुढे येईल.

सुप्तावस्थेचे स्वरूप

बी जिवंत आहे, पाणी, हवा व उष्णता पुरेशी आहे, तरीही ते अंकुरत नाही, या स्थितीस सुप्तावस्था म्हणतात. मृत बी आणि सुप्त बी बाहेरून सारखेच दिसते. म्हणून उगवणक्षमतेच्या चाचणीत न उगवलेले सर्व दाणे मेलेले समजणे चुकीचे ठरते. टेट्राझोलियमच्या द्रावणात ठेवल्यास जिवंत भ्रूणाच्या पेशी लाल होतात, मृत पेशी रंगत नाहीत. एवढ्या साध्या परीक्षेने हा भेद उघड होतो.

सुप्तावस्थेमागील यंत्रणेत दोन संप्रेरकांचे पारडे महत्त्वाचे असते. ॲब्सिसिक आम्ल भ्रूणाला रोखून धरते, तर जिबरेलीन त्याला चालना देते. दाणा परिपक्व होताना पहिल्याचा प्रभाव अधिक असतो. पुढे कोरड्या साठवणीत हळूहळू दुसऱ्याचे पारडे जड होत जाते. या बदलास पश्चपक्वता म्हणता येईल. ती कोरड्या बियांत व उबदार हवेत वेगाने होते, थंड व ओलसर परिस्थितीत रेंगाळते. सुप्तावस्थेचा दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. एकदा जागे झालेले बी प्रतिकूल परिस्थितीत सापडले, तर ते पुन्हा सुप्त होऊ शकते. त्यास दुय्यम सुप्तावस्था म्हणतात.

या दुय्यम सुप्तावस्थेचे सर्वांत बोलके उदाहरण युरोपातील आहे. तेथे मोहरीवर्गीय रेप या तेलबियेचे दाणे कापणीच्या वेळी मोठ्या प्रमाणावर झडतात. ताजे दाणे बहुधा सुप्त नसतात. परंतु कापणीनंतर लगेच नांगरट केली, की कोरड्या मातीत व अंधारात गाडले गेलेले दाणे सुप्त होतात आणि दहा-दहा वर्षांनीही उगवून येतात. याउलट तेच दाणे काही आठवडे पृष्ठभागावर राहू दिले, तर पावसाने उगवून संपतात. म्हणजे शेत स्वच्छ करण्याच्या हेतूने घातलेला नांगरच शेतात बियांचा साठा करून ठेवतो. आपल्याकडे कापणीनंतर नांगरट ही निरपवाद चांगली गोष्ट मानली जाते. तिच्याकडे या दृष्टीने पुन्हा पाहण्यास हरकत नसावी.

भाताचा दाणा

भाताच्या बाबतीत सुप्तावस्था वाणागणिक बदलते. जपानी वर्गातील भातांत ती अल्प, तर आपल्याकडील इंडिका वर्गात सामान्यतः काही आठवड्यांची असते. काही वाणांत ती दोन महिन्यांहूनही अधिक टिकते. तूस आणि त्याखालील फळभित्तीचे आवरण यांचा यात मोठा वाटा असतो. तूस सोलून काढल्यास अनेक वाणांचे ताजे दाणेही उगवतात. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी कसलथ या इंडिका वाणातून सुप्तावस्था नियंत्रित करणारे एक महत्त्वाचे जनुक वेगळे केले. २०११ मध्ये तणभाताविषयी त्याहून लक्षवेधी निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तांदळाच्या आवरणाला लाल रंग देणारे जनुकच दाण्यातील ॲब्सिसिक आम्ल वाढवून त्याची सुप्तावस्थाही वाढवते, असे त्यात दिसून आले. तणभात बहुधा लाल का असतो आणि तो शेतातून हटत का नाही, या दोन प्रश्नांचे उत्तर अशा रीतीने एकाच जनुकात सापडले.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. मागील वर्षीच्या लागवडीखालील वाणाचे झडलेले दाणे उगवणे वेगळे आणि तणभात वेगळा. पहिल्याची सुप्तावस्था काही आठवड्यांत संपते. दुसऱ्याचे दाणे पिकताच गळतात आणि वर्षानुवर्षे जमिनीत टिकतात. परंतु पहिल्याकडे दुर्लक्ष केल्यास तो दुसऱ्याचे रूप घेऊ शकतो. जी रोपे आपोआप उगवतात, लोंबी धरतात आणि कापणीपूर्वी दाणे गाळतात, तीच पुढील वर्षी पुन्हा उगवतात. म्हणजे शेत स्वतःच गळणाऱ्या रोपांची निवड करीत राहते. भारतात वन्य भाताचे नातेवाईक दूर नाहीत. पाणथळ जागी उगवणाऱ्या एका वन्य जातीस १९६५ मध्ये शर्मा व शास्त्री या भारतीय शास्त्रज्ञांनी ‘ओरायझा निव्हारा’ असे नाव दिले. ते ‘नीवार’ या संस्कृत शब्दावरून आले. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात पोपटांच्या ढोलीतून झाडाखाली गळालेले नीवाराचे दाणे हे आश्रम जवळ आल्याचे चिन्ह मानले आहे. कालिदासाला रम्य वाटलेले दाण्याचे हे गळणे शेतकऱ्याला मात्र परवडत नाही.

बियाण्याच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक गंभीर आहे. भारतातील बीज प्रमाणीकरणाच्या मानकांनुसार भाताच्या बीजोत्पादनाचे शेत आपोआप उगवलेल्या रोपांपासून मुक्त असणे बंधनकारक आहे. पायाभूत बियाण्याच्या शेतात भेसळीच्या झाडांचे प्रमाण ०.०५ टक्के व प्रमाणित बियाण्याच्या शेतात ०.२० टक्के यांहून अधिक चालत नाही. दोन हजारांत एक झाड ही मर्यादा ध्यानात घेतली, तर एका मोसमातील निष्काळजीपणाची किंमत लक्षात येते. स्वतःचे बियाणे स्वतः राखणाऱ्या आदिवासी शेतकऱ्याला तर कोणतेही प्रमाणपत्र नसते. त्याचा पारंपरिक वाण भेसळला, तर तो परत विकत मिळत नाही.

आजवर या पट्ट्यात ही समस्या आटोक्यात राहण्याचे श्रेय लावणीच्या पद्धतीला द्यावे लागेल. चिखलणीत उगवलेली रोपे गाडली जातात. पाणी साठल्यावर ओल्या मातीत प्राणवायू उरत नाही. भाताचा दाणा प्राणवायूविना अंकुरू शकतो, हे खरे. पण त्या स्थितीत केवळ कोंबाचे आवरण लांब होते, मूळ वाढत नाही, आणि मातीखाली दबलेला बहुतेक कोंब तग धरत नाही. शिवाय ओळीत लावलेल्या आवणापुढे उशिरा उगवलेले रोप वयाने लहान असते व सहज ओळखू येते. मजुरी आणि पाणी यांच्या टंचाईमुळे देशभर पेरभाताचा पुरस्कार होत आहे. पेरभातात चिखलणी, साठलेले पाणी आणि वयातील अंतर ही तिन्ही संरक्षणे एकदम जातात. मलेशिया, व्हिएतनाम, श्रीलंका या देशांत पेरभाताबरोबर तणभात बळावला, हा अनुभव सर्वश्रुत आहे. यावर तणनाशक सहन करणारे वाण हा एक मार्ग सुचवला जातो. भारतातही पुसा बासमती १९७९ व १९८५ हे इमाझेथापिर सहन करणारे वाण प्रसारित झाले. परंतु त्याच वाणाचे झडलेले दाणे पुढील वर्षी उगवले, तर त्यांच्यावर ते तणनाशक चालणार नाही आणि तणभाताशी संकर झाल्यास तो गुणही त्याच्याकडे जाईल. म्हणजे बियांच्या सुप्तावस्थेचा विचार येथेही चुकत नाही.

खान्देशचा उन्हाळा

प्रयोगशाळेत भाताची सुप्तावस्था मोडण्याचा रूढ उपाय म्हणजे दाणे चार-पाच दिवस ५० अंश सेल्सिअस तापमानात कोरडे ठेवणे. सौम्य नायट्रिक आम्लात किंवा ०.२ टक्के पोटॅशियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवणे हेही उपाय आहेत. जपानमध्ये शेतातच ही क्रिया घडवून आणण्यासाठी कापणीनंतर कॅल्शियम सायनामाइड हे नत्रयुक्त खत टाकण्याची शिफारस केली जाते. तेथील हिवाळा थंड व ओलसर असल्याने पश्चपक्वता रेंगाळते. थंडी पडण्यापूर्वीच दाण्याला जागे करावे किंवा मारावे, हा त्यामागील हेतू.

खान्देशात निसर्ग हे काम विनामूल्य करतो. भात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघतो. त्यानंतर हरभरा घेतला नाही तर शेत जूनपर्यंत कोरडे राहते. मे महिन्यात पूर्व खान्देशात पारा ४३-४५ अंशांपर्यंत जातो. पश्चिमेकडे तो काहीसा कमी असला, तरी उघड्या मातीच्या पृष्ठभागाचे तापमान हवेपेक्षा पुष्कळ अधिक असते. सात महिन्यांची कोरडी साठवण आणि त्यावर हा दाह, यानंतर पृष्ठभागावरील इंडिका भाताचा दाणा सुप्त राहण्याची शक्यता फारच कमी. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसाने हे दाणे जवळजवळ एकदमच उगवले पाहिजेत, असा तर्क यातून निघतो.

याच तर्कावर उपाय उभा राहतो. कापणीनंतर लगेच खोल नांगरट करू नये. दाणे वरच राहू द्यावेत. त्यातील मोठा वाटा पाखरे व उंदीरच संपवतील. पहिल्या पावसानंतर वाफसा येताच वखराची हलकी पाळी द्यावी, म्हणजे दाण्यांचा ओल्या मातीशी संपर्क येईल. आठ-दहा दिवस थांबावे. हिरवी लव उठली, की दुसरी पाळी देऊन ती मोडावी आणि मगच चिखलणी किंवा पेरणी करावी. पहिल्या पावसावर तण उगवू देऊन वखरण्याची रीत आपल्या शेतकऱ्यांना नवी नाही. ती मागील पिकाच्या दाण्यांनाही तितकीच लागू पडते, एवढेच येथे सांगावयाचे आहे. अडचण एकच आणि ती खरी आहे. पाऊस उशिरा आला, तर आठ-दहा दिवस थांबणे परवडत नाही. अशा वर्षी निदान बियाण्यासाठी राखलेल्या तुकड्यापुरते तरी थांबावे.

खोल गाडणे पूर्णतः त्याज्य आहे असे नाही. आठ-दहा सेंटिमीटरपेक्षा खोल गेलेला भाताचा दाणा सहसा वर येऊ शकत नाही. पण पुढील वर्षीच्या नांगराने तो पुन्हा वर येतो, आणि खोलवरच्या थंड, ओलसर थरात त्याची पश्चपक्वता मंदावलेली असते. काळ्या जमिनीत तर नांगराचीही गरज नसते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून वरचे दाणे आपोआप खाली जातात. म्हणून भेगाळणाऱ्या जमिनीत मार्चपूर्वीच एक उथळ वखरपाळी देऊन भेगांची तोंडे बुजवणे इष्ट.

सह्याद्रीच्या भातपट्ट्यात रोपवाटिकेसाठी राब भाजण्याची पद्धत आहे. वरच्या थरातील बी त्या उष्णतेने मरते, हे उघड आहे. मात्र धुराचाही परिणाम होतो. धुरातील काही संयुगे बियांना अंकुरणास प्रवृत्त करतात, हे गेल्या काही दशकांत सिद्ध झाले असून अमेरिकेतील लाल तणभाताची सुप्तावस्थाही धुराच्या अर्काने मोडल्याचे आढळले आहे. म्हणजे राबाखाली उष्णतेतून वाचलेला दाणा धुराने जागा होत असण्याची शक्यता आहे. आपल्याकडील एखाद्या वनस्पतिशास्त्र विभागाने हे तपासून पाहण्यासारखे आहे.

भुईमूग : जळगावचा वाण आणि त्याची जागी शेंग

महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या जळगाव येथील तेलबिया संशोधन केंद्राने १९७० च्या दशकाच्या अखेरीस फुले प्रगती अर्थात जेएल-२४ हा भुईमुगाचा वाण दिला. तैवानमधून आलेल्या सामग्रीतून निवडलेला हा उपट्या वाण सुमारे तीन महिन्यांत तयार होतो. त्याने भारतभर लौकिक मिळवला आणि पुढे मलावीसारख्या आफ्रिकी देशात तो ‘काकोमा’ या नावाने प्रसारित झाला. खान्देशच्या मातीतून निघून इतका दूर गेलेला दुसरा वाण सांगणे कठीण.

या वाणात, उपट्या वर्गातील बहुतेक वाणांप्रमाणे, ताज्या बियांची सुप्तावस्था जवळपास नाही. पसऱ्या वर्गातील कराड ४-११ सारख्या जुन्या वाणांत ती कित्येक आठवडे असते. याचा अर्थ असा, की खरिपाचा उपट्या भुईमूग काढणीला आला असता परतीचा पाऊस लांबला, तर शेंगा जमिनीतच अंकुरतात. पिकाचे नुकसान होतेच, शिवाय कोंब फुटलेल्या शेंगांत बुरशी शिरते.

मात्र उरलेल्या शेंगांच्या दृष्टीने पाहता हाच दोष गुण ठरतो. सुप्तावस्था नसलेली शेंग ओल मिळताच उगवते. ती जमिनीत दबा धरून बसत नाही. काढणीनंतर एक हलके पाणी दिले किंवा परतीचा एक पाऊस झाला, की मागे राहिलेल्या बहुतेक शेंगा एकदम उगवतात व एका वखरपाळीत मोडता येतात. काळी जमीन काढणीच्या वेळी टणक झाली असेल, तर आऱ्या तुटून शेंगा फार राहतात. म्हणून पाणी असल्यास ओलवून काढणी करणे हा पहिला उपाय. भाताप्रमाणे खोल नांगरट येथे उपयोगी नाही, कारण भुईमुगाचे टपोरे बी दहा सेंटिमीटरहून खोलवरूनही वर येते.

उन्हाळी भुईमुगाची स्थिती वेगळी. जानेवारी-फेब्रुवारीत पेरलेले हे पीक मे-जूनमध्ये निघते आणि त्याच शेतात कपाशी येते. मागे राहिलेल्या शेंगा कपाशीत उगवतात. दोन-चार झाडे राहिली तर बिघडले काय, असे वाटते. पण तांबेऱ्याची बीजुके पिकाच्या वाळलेल्या अवशेषांवर आपल्या उन्हाळ्यात फार काळ जगत नाहीत. रोगाला एका हंगामातून दुसऱ्या हंगामात नेणारा दुवा म्हणजे ही जिवंत, हिरवी झाडेच. फुलकिड्यांमार्फत पसरणाऱ्या शेंडेमर रोगाच्या विषाणूलाही त्यांवर आसरा मिळतो. शेजारच्या शेतात जूनमध्ये पेरलेल्या खरीप भुईमुगाला त्याची झळ पोचते. अशा रीतीने एका शेतातील आपोआप उगवलेली रोपे ही केवळ त्या शेतकऱ्याची खासगी बाब राहत नाही.

पैदासकारापुढील पेच

येथे एक मूलभूत विरोध दिसतो. काढणीच्या वेळी पावसात शेंगा अंकुरू नयेत म्हणून पैदासकाराला सुप्तावस्था हवी असते. तीच सुप्तावस्था लांबली, तर मागे राहिलेली शेंग पुढील पिकात उगवते, आणि खरिपाचे बी लगेच उन्हाळी हंगामासाठी वापरताना उगवण कमी येते. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेला टीजी-२६ हा उपट्या वाण या दृष्टीने उल्लेखनीय आहे. १९९५ मध्ये उत्तर महाराष्ट्रासह काही भागांसाठी प्रसारित झालेल्या या वाणात सुमारे तीन आठवड्यांची सुप्तावस्था आहे. तीन आठवडे म्हणजे परतीच्या पावसातून शेंग वाचवण्याइतका, पण पुढील हंगामात दगा न देण्याइतका काळ. प्रस्तुत लेखकाच्या मते, आपल्या हवामानात दोन्ही पिकांसाठी असाच मध्यम सुप्तावस्थेचा निकष ठरवणे आवश्यक आहे, आणि वाणाच्या माहितीपत्रकात उत्पादन व कालावधी यांबरोबर सुप्तावस्थेचे दिवसही छापले पाहिजेत. लांब सुप्तावस्थेचे बी पेरायचे झाल्यास इथेफॉनसारख्या इथिलीन सोडणाऱ्या द्रव्याची प्रक्रिया करून ते जागे करता येते. भुईमुगाचे बी अंकुरताना स्वतःच इथिलीन निर्माण करते, या शोधावर ती आधारलेली आहे. मात्र हा उपाय बियाण्याच्या पोत्यापुरता. शेतभर विखुरलेल्या शेंगांना तो परवडणारा नाही.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत

साक्री, नवापूर भागातील पारंपरिक भातवाणांच्या सुप्तावस्थेची नोंद पदवीच्या विद्यार्थ्यांकडूनही होऊ शकते. कापणीच्या दिवशी गोळा केलेले दाणे दर आठवड्यास शंभराच्या चार संचांत ओल्या शोषकागदावर ठेवावेत. भातासाठी पाचव्या व चौदाव्या दिवशी, भुईमुगासाठी पाचव्या व दहाव्या दिवशी मोजणी करावी. न उगवलेल्या दाण्यांची टेट्राझोलियम परीक्षा घ्यावी. त्याच दाण्यांचा एक संच ५० अंशांच्या शुष्कपेटीत ठेवून तुलना करता येते. त्याचबरोबर नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत मोजून दाणे घालून त्या पृष्ठभागावर, पाच व वीस सेंटिमीटर खोलीवर नोव्हेंबरमध्ये पुराव्यात आणि जूनपर्यंत दरमहा एकेक उकरून पाहावी. पिशव्यांचा पहिला संच काळ्या जमिनीत आणि दुसरा पश्चिमेकडील हलक्या, मुरमाड जमिनीत पुरल्यास उन्हाळ्याचा दाह किती खोलवर पोचतो व किती दाण्यांना जागे करतो, याचे उत्तर एका शैक्षणिक वर्षात मिळते.